पणजोबांचं मेडल खरं आहे का, हे कसं ओळखायचं?

सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कोल्हापूर या भागांत अशी कितीतरी घरं आहेत, जिथे जुन्या ट्रंकेत किंवा देवघराच्या फळीवर एखादं लष्करी मेडल सापडतं. पणजोबा पहिल्या लढाईत होते, हा बिल्ला विलायतेच्या राजानं दिला, एवढंच घरच्यांना ठाऊक असतं. तशीच मेडलं पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात आणि आता ऑनलाइन लिलावातही विकायला असतात. घरातल्या मेडलची माहिती हवी असणारा आणि बाजारातून मेडल घेऊ पाहणारा, दोघांनाही पहिला प्रश्न हाच पडतो की हे खरं आहे का.

या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. वस्तू खरी आहे का, म्हणजे त्या काळी सरकारनं टांकसाळीत पाडून घेतलेली आहे का? तिच्यावरचं नाव मुळापासूनचं आहे का? आणि त्या नावाच्या माणसाला ते मेडल मिळणं शक्य तरी होतं का? नवखा माणूस पहिल्याच प्रश्नावर थांबतो. फसवणूक मात्र बरेचदा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात होते. पहिल्या महायुद्धाची मेडलं लाखांनी पाडली गेली, त्यामुळे नुसत्या धातूला मोठी किंमत नाही. किंमत येते ती नावामुळे. तो शिपाई कुठल्या पलटणीत होता, कुठे लढला, परत आला की नाही, यावर एकाच साच्यातल्या दोन मेडलांच्या भावात कितीतरी पट फरक पडतो. म्हणून खोटेपणा करणारा अख्खं मेडल बनवायच्या भानगडीत सहसा पडत नाही. तो खरंच मेडल घेतो आणि त्यावरचं नाव बदलतो.

कडेवर काय लिहिलेलं असतं

आपल्याकडे सर्वांत जास्त सापडणारी जोडी पहिल्या महायुद्धाची. एक चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल. त्याच्या एका बाजूला पंचम जॉर्जचं उघडं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा नग्न पुरुष, घोड्याच्या टापांखाली शत्रूची ढाल आणि 1914 व 1918 ही सालं. दुसरं ब्राँझचं व्हिक्टरी मेडल, पंख असलेल्या विजयदेवतेचं, इंद्रधनुष्यी रिबिनीचं. दोन्ही 36 मिलिमीटर व्यासाची. मूळ मेडलच्या कडेवर, म्हणजे नाणं उभं धरल्यावर जी बाजू दिसते तिथे, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत ठोकलेली असते. ज्यांनी 1914 किंवा 1915 मध्येच रणांगण गाठलं त्यांना या दोहोंबरोबर ब्राँझचा तारा मिळाला. ताऱ्याला कड नसते, म्हणून त्याच्यावरचं नाव पाठीमागे असतं.

आता भिंग घ्या. दहापट मोठं दाखवणारं, सराफ वापरतात तसलं. मेडल दोन बोटांत कडेनं धरा, दिव्याचा उजेड तिरका येईल असं बसा आणि सावकाश फिरवत अक्षरं पाहा. पोलादी ठशानं ठोकलेलं अक्षर धातू आत दाबून बसलेलं असतं. त्याचा तळ सपाट असतो, सगळ्या अक्षरांची खोली जवळपास सारखी असते आणि तेच अक्षर पुन्हा आलं तर हुबेहूब तसंच येतं. हातानं कोरलेल्या अक्षरात अवजारानं धातू खरवडून काढलेला असतो. चर तळाशी निमुळती होते, रेघ सुरुवातीला बारीक, मध्ये खोल, शेवटी पुन्हा बारीक, आणि दोन 'ए' कधी एकसारखे येत नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या मेडलवर कोरीव नाव दिसलं, तर तिथे थांबायचं.

पण हा नियम सरसकट लावू नका. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या मेडलांची तऱ्हा वेगळी होती. 1895 च्या इंडिया मेडलवर वळणदार लिपीत कोरलेलं नाव सापडतं आणि ते अगदी अस्सल असतं. कुठल्या मेडलवर कुठल्या पद्धतीनं नाव घातलं जाई, हे मेडलगणिक माहीत करून घ्यावं लागतं. संग्राहक होण्यातला निम्मा अभ्यास हाच.

नाव बदललेलं कसं कळतं? जुनं नाव काढायचं तर कड कानशीनं घासावी लागते आणि घासली की धातू जातो. व्हर्नियर कॅलिपरनं व्यास चार-पाच ठिकाणी मोजा. एका जागी 36 आणि दुसऱ्या जागी 35.6 भरत असेल तर कुणीतरी तिथला धातू काढला आहे. सगळीकडून सारखं घासलं असेल तर व्यास सगळीकडेच कमी भरतो. सरळ कडेवर बोट फिरवल्यावर खोलगटपणा जाणवतो का, तेही पाहा. शिवाय मेडलच्या दर्शनी भागावर शंभर वर्षांचा काळपटपणा आणि कड मात्र कोवळी, चकचकीत, अशी विसंगती दिसली की शंका घ्यायलाच हवी.

ओतीव नक्कल ओळखणं त्यामानानं सोपं आहे. खरी मेडलं दाबयंत्रात ठसा मारून पाडलेली असतात, त्यामुळे राजाचे केस, घोड्याची आयाळ, अक्षरांचे कोपरे धारदार असतात. खऱ्या मेडलचा साचा घेऊन ओतलेल्या नकलेत हे सगळं साबणासारखं गुळगुळीत होतं. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात, कधी कडेवर दोन साच्यांच्या जोडाची रेघ राहते. धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल मापाला किंचित लहान भरते. याला एक मोठा अपवाद आहे तो व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटनच्या सर्वोच्च शौर्यपदकाचा. तो मुळातच ओतीव असतो. लंडनचे हॅन्कॉक्स हे जवाहिरे तो ओततात, हातानं साफ करतात आणि रसायनानं गडद तपकिरी करतात. मागच्या बाजूला मधोमध पराक्रमाची तारीख आणि वरच्या आडव्या पट्टीच्या पाठीवर वीराचं नाव असतं. माणगावच्या तहसील कचेरीसमोर ज्यांचा पुतळा आहे त्या नाईक यशवंत घाडगे यांच्या क्रॉसची तारीख 10 जुलै 1944, इटलीतल्या टायबर खोऱ्याची. नामदेव जाधव यांची 9 एप्रिल 1945, सेनिओ नदीकाठची. असे क्रॉस कुणाला मिळाले हे सगळं जाहीर आहे, त्यामुळे यात नाव आणि तारीख आधी पडताळायची, धातूकडे नंतर वळायचं.

शक्य होतं का, हा प्रश्न

मला सगळ्यांत जास्त गोडी वाटते ती तिसऱ्या प्रश्नाची, कारण इथे भिंगापेक्षा इतिहास कामी येतो.

एक उदाहरण घ्या. 111 वी महार पलटण 1917 मध्ये उभी राहिली आणि 1920 च्या दशकाच्या सुरुवातीलाच मोडली गेली. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती 1941 साली. मग 1914-15 च्या ताऱ्यावर जर 111 महार पलटणीचं नाव दिसलं, तर? ताऱ्यावर शिपाई रणांगणात उतरला त्या वेळची पलटण येते आणि त्या साली ही पलटण अस्तित्वातच नव्हती. भिंग बाहेर काढायचीही गरज नाही.

दुसरं उदाहरण भीमा कोरेगावचं. ही लढाई 1 जानेवारी 1818 ची. तिच्यासाठी जे मेडल आहे, आर्मी ऑफ इंडिया मेडल, त्याला वर 'कोरीगाम' अशी पट्टी लागते. मेडलच्या रिबिनीवर लढाईच्या नावाची जी आडवी पट्टी बसवतात तिला क्लास्प म्हणतात. खडकी, पुणे, सीताबर्डी, असई, गाविलगड अशा आपल्या ओळखीच्या ठिकाणांचे क्लास्पही याच मेडलवर येतात. पण हे मेडल मंजूर झालं 1851 मध्ये, म्हणजे लढाईनंतर 33 वर्षांनी, आणि तेव्हा हयात असलेल्यांनाच ते मिळालं. म्हणूनच ते दुर्मीळ आहे आणि म्हणूनच त्याचे क्लास्प खोटे लावले जातात. कुणी सांगितलं की आमच्या पूर्वजाला लढाईच्या मैदानावरच हे मेडल मिळालं, तर मेडलवरचा चेहरा पाहा. तो व्हिक्टोरिया राणीचा आहे. तिचा जन्मच मुळी 1819 चा.

राजाराणीचा चेहरा ही पहिली चाळणी म्हणून फार उपयोगी पडते. 1908 च्या इंडिया जनरल सर्व्हिस मेडलवर सातवा एडवर्ड किंवा पंचम जॉर्ज, 1936 च्या मेडलवर सहावा जॉर्ज. वायव्य सरहद्दीवरच्या 1936-37 च्या मोहिमेचा क्लास्प पंचम जॉर्जच्या मेडलवर लटकत असेल तर कुणीतरी एका मेडलची पट्टी दुसऱ्याला जोडली आहे. खरे क्लास्प बारीक रिव्हेटांनी एकमेकांना जोडलेले असतात. तिथे झाळ दिलेली दिसली, किंवा रिव्हेटची डोकी नवीकोरी चमकत असली, तर कारण विचारा. रिव्हेट कधीकाळी तुटून दुरुस्त झालेलीही असते, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊन टाकू नये.

गटातली जुळवाजुळवही बरंच बोलते. व्हिक्टरी मेडल एकटं कुणालाच दिलं गेलं नाही. ज्याला ते मिळालं त्याला ब्रिटिश वॉर मेडल मिळालंच. तेव्हा घरात फक्त ब्राँझचं व्हिक्टरी मेडल उरलं असेल, तर चांदीचं कुठेतरी गेलं आहे. कुठे, ते बहुतेक घरांना मनातून ठाऊक असतं. दुष्काळात, लग्नकार्यात, आजारपणात चांदी म्हणून ते सराफाकडे मोडीत गेलं. 1979-80 च्या सुमारास जगभर चांदीचा भाव भडकला तेव्हा खुद्द ब्रिटनमध्येही ही मेडलं मोठ्या संख्येनं वितळवली गेली. उलट, ब्रिटिश वॉर मेडल ब्राँझचं दिसलं म्हणून ते नकली ठरवू नका. हिंदी, चिनी आणि माल्टी मजूर तुकड्यांना ते ब्राँझचंच दिलं गेलं होतं आणि ते चांदीच्यापेक्षा कितीतरी दुर्मीळ आहे.

1914 चा तारा आणि 1914-15 चा तारा दिसायला जवळजवळ सारखे, पण पहिला फक्त फ्रान्स आणि बेल्जियममध्ये उतरलेल्यांसाठी होता. मराठा पलटणींतले पुष्कळ जवान मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले, त्यांना दुसरा मिळाला. दोन्ही तारे एका माणसाला मिळत नाहीत. दुसऱ्या महायुद्धातही बर्मा स्टार आणि पॅसिफिक स्टार दोन्ही एकाच छातीवर येऊ शकत नाहीत. दोन्हीकडे लढलेल्याला एकच तारा आणि दुसऱ्याचा क्लास्प मिळे. बाजारात 'संपूर्ण सेट' म्हणून चौकटीत बसवून विकतात त्यात अशा अशक्य जोड्या दिसतात.

मेसोपोटेमियाचा विषय आला आहे तर इथे थोडं थांबतो. जनरल टाउनसेंडच्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. कूत-अल-अमाराला त्या तुर्की फौजेकडून 147 दिवस वेढल्या गेल्या आणि 29 एप्रिल 1916 रोजी शरणागती झाली. उपाशीपोटी कैदेत गेलेल्यांतले कितीतरी जण परत आले नाहीत. बसऱ्याला जे स्मारक उभं राहिलं त्यावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली, पण हिंदी साध्या शिपायांची फक्त संख्या लिहिली गेली. अशा शिपायाचं नाव जर घरातल्या ताऱ्याच्या पाठीवर असेल, तर धातूत किंवा दगडात उमटलेली त्याच्या नावाची ती कदाचित एकमेव जागा असेल. त्या जागेवर कानस चालवणाऱ्याचा मला राग येतो. तो गिऱ्हाइकाला फसवतो हे एक, पण त्याआधी त्यानं एका माणसाचं नाव पुसलेलं असतं.

मेलेल्या सैनिकाच्या घरी आणखी एक वस्तू आलेली असे. सुमारे 12 सेंटिमीटर व्यासाची ब्राँझची जड थाळी, तिच्यावर ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री, आणि सिंह. खेड्यात ती तबकडी म्हणून पूजेत ठेवलेलीही सापडते. तिच्यावरचं नाव उठावाचं असतं, कोरलेलं नसतं, आणि हुद्दा नसतो, कारण मृत्यूत सगळे सारखे हा तिच्यामागचा विचार होता. नावाच्या चौकटीतला भाग आजूबाजूपेक्षा खोल गेला असेल किंवा नाव खोदलेलं असेल तर मूळ नाव उडवलेलं आहे.

नाव नसलेली मेडलं

दुसऱ्या महायुद्धाची मेडलं मात्र या सगळ्या तपासाला पुरत नाहीत. ब्रिटिश सरकारनं ती आपल्या सैनिकांना नाव न घालता वाटली. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांनी नावं घातली. त्यामुळे एरिट्रियातल्या केरनला लढलेल्या मराठा जवानाचा आफ्रिका स्टार किंवा सेनिओवाल्याचा इटली स्टार हातात आला आणि त्यावर काहीच लिहिलेलं नसलं, तरी तो खोटा ठरत नाही. पण मग तो कुणाचा हे फक्त कागद सांगू शकतो. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, मेडल ज्यातून आलं ती पोस्टाची पेटी, जंगी इनामाची सनद, गणवेशातला फोटो, हे सगळं मेडलइतकंच जपा. कागदाशिवाय बिननावाचा तारा म्हणजे नुसता तारा. बाजारात मात्र अशा ताऱ्यांवर मागाहून नावं कोरून 'शूरवीराचा सेट' तयार करतात.

कागदांतही फसगत होते, पण ती निरागस असते. पहिल्या महायुद्धात खलित्यात, म्हणजे सेनापतीनं सरकारला पाठवलेल्या अहवालात, नाव आल्याबद्दल जे प्रमाणपत्र मिळे त्याच्या तळाशी विन्स्टन चर्चिलची सही असते, कारण 1919 मध्ये तो युद्धमंत्री होता. पुष्कळ घरांत ती चर्चिलनं स्वहस्ते केली असं मानतात. सही छापील आहे. प्रमाणपत्र मात्र खरं असतं आणि त्यावरचं नाव गॅझेटमध्ये शोधता येतं.

स्वातंत्र्यानंतरच्या मेडलांत वेगळीच अडचण आहे. सैनिकाला समारंभाला गणवेशावर मेडलं लावावी लागतात, मूळ मेडल हरवू नये म्हणून तो छावणीच्या दुकानातून प्रत विकत घेतो. मेसच्या पोशाखावर लावायची छोटी मेडलंही असतात. ही फसवणूक नाही, ती राजरोस वापरातली वस्तू आहे. प्रश्न उभा राहतो तो पुढे कुणी ती मूळ म्हणून विकतो तेव्हा. परमवीर चक्राच्या प्रतिकृती तर भेटवस्तू म्हणूनही मिळतात. त्याची रचना सावित्रीबाई खानोलकर यांनी केली. जन्मानं स्वित्झर्लंडच्या, लग्नानं मराठी घरातल्या. ब्राँझचं, मध्ये राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रं, साधी जांभळी रिबीन. आजवर 21 जणांनाच ते मिळालं आहे, त्यांतले 14 मरणोत्तर. एवढी छोटी यादी असताना 'अस्सल परमवीर चक्र' विकायला काढणाऱ्याशी धातूची चर्चा करण्यात अर्थ नाही.

रिबिनीबद्दल थोडंसं. जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) उजेडाची छोटी बॅटरी मिळते. तिच्याखाली रिबीन निळसर पांढरी चमकली तर त्यात हल्लीचा चमक आणणारा रंग आहे, म्हणजे रिबीन नवी आहे. मात्र रिबिनी विटतात, बदलल्या जातात. नव्या रिबिनीवर जुनं अस्सल मेडल असू शकतं आणि जुन्या रिबिनीवर खोटंही.

आणि हात जोडून एक विनंती. मेडल घासू नका. चिंच नको, पितांबरी नको, ब्रासो नको. दर दसऱ्याला घासून घासून कडेवरची अक्षरं इतकी झिजतात की नंबरही वाचता येत नाही. जुन्या बाजारात बफिंगच्या चाकावर आरशासारखी केलेली मेडलं पाहिली की जीव तुटतो, कारण तपासायला लागणारी प्रत्येक खूण त्या चाकावर गेलेली असते. मऊ कापडानं धूळ पुसा, प्रत्येक मेडल वेगळ्या कागदात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत दमट जागी ठेवू नका. एका माणसाची मेडलं भावांत वाटून घेण्यापेक्षा एकाच घरी ठेवा आणि फोटो सगळ्यांनी घ्या. फुटलेला गट पुन्हा जुळत नाही.

विकायचं किंवा घ्यायचं असेल तर 1972 चा पुरावशेष कायदा लक्षात असू द्या. शंभर वर्षं पूर्ण झालेली वस्तू त्याच्या व्याख्येत येऊ शकते आणि तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाची मेडलं आता त्या वयाची झाली आहेत. परदेशातल्या लिलावाला पार्सल करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करा. विकत घेतलेलं मेडल स्वतः सैनिक असल्याचं भासवायला छातीवर लावणं हाही गुन्हा आहे.

शोध कुठून सुरू करायचा? कडेवरचा मजकूर जसाच्या तसा, स्पेलिंगच्या चुकांसकट, उतरवून घ्या. इंग्रज कारकुनांनी आपली नावं कशीही लिहिली आहेत आणि मराठा हा शब्दही तेव्हा एक जादा 'एच' घालून लिहीत, तेव्हा दुरुस्ती करायला जाऊ नका. नंबर सर्वांत महत्त्वाचा, कारण एका पलटणीत एकाच नावाचे अनेक शिपाई असत. सैनिक युद्धात मारला गेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी इंटरनेटवर फुकट शोधता येते आणि बसऱ्याच्या दगडावर नसलेली नावं तिथे आहेत. गावात शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर संगमरवरी पाटी आहे का पाहा. 'या गावातून इतके लोक महायुद्धात गेले' अशा त्या पाट्या सातारा आणि कोकणात जागोजागी आहेत. तिच्यावरचा आकडा आणि तुमच्या घरातलं मेडल एकमेकांना आधार देतात. हिंदी सैन्याच्या मेडलांच्या याद्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे. 103 वी पलटण 1922 नंतर पहिली बटालियन झाली, 105 वी दुसरी, 110 वी तिसरी, 116 वी चौथी, 117 वी पाचवी. पत्र लिहाल तेव्हा जुना आणि नवा असे दोन्ही क्रमांक लिहा, सोबत कडेचा आणि दोन्ही बाजूंचा स्वच्छ उजेडातला फोटो जोडा, आणि मूळ मेडल टपालानं कुणालाही पाठवू नका.